'तारक मेहता का उल्टा चश्मा' पुन्हा पूर्वीसारखी झालीय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२८ जुलै २००८ ला सब टीव्हीवर सुरू झालेली ही मालिका २०२५ च्या जुलैमध्ये सतरा वर्षांची झाली. चार हजारांच्या वर भाग झाले आणि आजही घराघरांत जेवणाच्या वेळी टीव्हीवर या मालिकेतली गोकुलधाम सोसायटी लागलेली असते. "आता परत बघण्यासारखी झालीय म्हणतात, खरं का?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. २०२५ पर्यंतचे भाग धरले आहेत.

१. आधी थेट सांगा, मालिका सुधारलीय की नाही?

सुधारलीय, पण अर्धीच. २०२२-२३ च्या काळात एकेक प्रसंग इतका ताणला जायचा की आठवडाभर मालिका चुकली तरी काही चुकल्यासारखं वाटत नसे. ती अवस्था आता राहिलेली नाही. कथानकाला वेग आलाय आणि बदललेले कलाकार एकमेकांत मिसळलेत. सगळी सोसायटी एका प्रसंगात दिसते, प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येतं.

परत आलेला नाही तो घरातला विनोद. बाहेरून काहीही संकट न येता, केवळ एका घरातल्या चार माणसांच्या स्वभावामुळे जो गोंधळ उडायचा, तो अजून क्वचितच दिसतो. माझ्या लेखी मालिकेचा जीव तिथेच होता.

२. घसरण नेमकी सुरू कधी झाली?

बहुतेक जण २०१७ म्हणतात, आणि त्याला कारणही आहे. मूळ लेखक तारक मेहता १ मार्च २०१७ ला गेले. त्याच वर्षी पहिला टपू (मुख्य पात्र जेठालालचा मुलगा), म्हणजे भव्य गांधी, मालिकेतून बाहेर पडला. त्याच वर्षी जेठालालची बायको दयाबेन साकारणाऱ्या दिशा वकानी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. पुढच्या वर्षी जुलैमध्ये डॉ. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद यांचं निधन झालं. इतके धक्के लागोपाठ बसले की कुठलीही मालिका डळमळली असती.

पण लेखन त्याच्या आधीच सैल पडायला लागलं होतं. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी पंतप्रधानांनी निवडलेल्या नऊ नावांत या मालिकेची टीम होती. मान मोठा होता. पण त्या सुमारास 'समाजाला संदेश देणारी मालिका' ही ओळख मालिकेने फारच मनावर घेतली. संदेश आधीही असायचा, पण तो गमतीच्या पोटात असायचा. हळूहळू उलटं झालं: आधी संदेश ठरायचा आणि मग त्याला पुरेल इतकी गंमत शोधली जायची. भागाच्या शेवटी सगळे कंपाउंडमध्ये गोल उभे आणि कोणीतरी उपदेश करतोय, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

३. दयाबेन गेली म्हणून बिघडलं, एवढंच ना?

एवढंच नाही, पण सर्वात मोठं नुकसान तेच. दया गेली म्हणजे फक्त गरबा आणि 'हे माँ, माताजी' गेलं असं नाही. जेठालालच्या गडा घराची रचनाच गेली.

ती सकाळ आठवा. जेठालाल उशीत तोंड खुपसून पडलेला. बापूजी हॉलमधून 'ए जेठिया' म्हणून हाक मारतात. दया स्वयंपाकघर आणि बेडरूमच्या मध्ये अडकलेली: सासऱ्यांपुढे नवऱ्याची बाजू सांभाळायची, नवऱ्याला उठवायचं आणि टपूचे प्रतापही झाकायचे. तेवढ्यात अहमदाबादहून आईचा फोन येतो. आई पडद्यावर कधीच दिसत नाही, पण फोनवर ती जे काही सुचवते त्यातून जेठालालचा दिवस खराब होणार हे आपल्याला आधीच कळतं. बाहेरचं कोणी आलेलं नाही, चोरी नाही, भूत नाही. तरी वीस मिनिटं कशी जातात समजत नाही.

दया नसल्यावर त्या घरात बाप, मुलगा आणि नातू उरले. तिघांमध्ये पडणारं कोणी नाही. मग जेठालालच्या अडचणी घराबाहेरून आणाव्या लागल्या: दुकानातली फसलेली ऑर्डर, हरवलेली वस्तू, कोणीतरी घातलेला गंडा. हे प्रसंग दिलीप जोशी पेलतात, पण तेच ते पुन्हा पुन्हा येत राहिले.

४. दयाबेन परत येणार आहे का?

दिशा वकानी परतणं आता कठीण आहे आणि नवी दया शोधतोय, असं निर्माते असित कुमार मोदी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं. माझं मत विचाराल तर मालिकेने हे पाच वर्षं आधी करायला हवं होतं. प्रेक्षक कुरकुरले असते, मग सवय झाली असती. त्याऐवजी 'दया येतेय' म्हणून प्रोमो करायचे, घर सजवायचं, जेठालालला नवे कपडे घालायचे आणि ऐनवेळी दयाचा भाऊ सुंदरने काहीतरी निमित्त सांगायचं, असं अनेकदा झालं. २०२३ च्या अखेरीला लोक खरोखर संतापले आणि समाजमाध्यमांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. तो राग मला योग्यच वाटतो. इतकी वर्षं निष्ठेने बघणाऱ्या माणसाला आशा लावून फसवायचं नसतं.

५. टीआरपीत पहिला नंबर आला होता. मग दर्जा परत आला, हे सिद्धच झालं ना?

नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये मालिकेने 'अनुपमा'ला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला हे खरं आहे, आणि सतरा वर्षांच्या मालिकेसाठी ती मोठी गोष्ट आहे. पण टीआरपी मोजतो ते किती घरांत मालिका लागली आणि किती वेळ बघितली गेली. ती चांगली होती का, हे तो मोजत नाही. उत्सुकतेपोटीही माणूस बघतो.

त्या आकड्यांतून एक गोष्ट मात्र नक्की कळते. लोक मालिका सोडून गेले होते, पण त्यांचा जीव तिच्यातून सुटला नव्हता. वेगळं काही घडतंय असं कानावर येताच ते परत आले.

६. भूतणीचा तो ट्रॅक खरंच चांगला होता की नुसती हवा?

चांगला होता, आणि का होता हे जरा सविस्तर सांगायला हवं.

सोसायटीची मंडळी सहलीला म्हणून एका आडबाजूच्या बंगल्यात जातात आणि तिथे चकोरी नावाची भूतणी निघते. कल्पना अजिबात नवी नाही. पण त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक, माणसं एका छपराखाली कोंडली गेली. गोकुलधाममध्ये प्रत्येकाला आपापलं घर आहे, भांडण झालं की दार लावून घेता येतं. बंगल्यात ती सोय नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भीती. भीतीपुढे प्रत्येकाचा मूळ स्वभाव उघडा पडतो. शिस्तीचा भोक्ता भिडे, 'दुनिया हिला दूँगा' म्हणणारा पोपटलाल, सगळ्याला शास्त्रीय कारण शोधणारा अय्यर: प्रत्येकाची घाबरण्याची तऱ्हा निराळी. विनोद त्या तऱ्हेतून आला, भुतातून नाही.

त्यात काही काळ जेठालाल आणि त्याला आवडणारी शेजारीण, अय्यरची बायको बबिता दिसत नव्हते. दोघांनी मालिका सोडली अशी आवई उठली आणि निर्मात्यांना ती खोडून काढावी लागली. तरीही भाग चालले, हे मला महत्त्वाचं वाटतं. जेठालालच्या खांद्यावर सगळा भार न टाकताही गोकुलधाम उभं राहू शकतं, हे लेखकांना त्यातून कळलं असेल तर उत्तमच.

शेवट लांबला. दोन-तीन भाग आधी गुंडाळलं असतं तर आणखी चांगलं झालं असतं.

७. नवीन राजस्थानी कुटुंब कशाला आणलं? आहेत ते काय कमी होते?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये रतन बिंजोला, त्याची बायको रूपा आणि त्यांची दोन मुलं गोकुलधाममध्ये राहायला आली. साड्यांचा व्यापारी नवरा, हौशी बायको आणि लहान पोरं. नीट बघा, २००८ मध्ये गडा कुटुंबाची जी मांडणी होती तिच्याशी ही बरीच जुळते. मालिकेला पुन्हा एक भरलेलं घर हवं होतं आणि शाळकरी वयाची मुलंही हवी होती. मला हा निर्णय योग्य वाटतो. दयाच्या जागी दुसरी दया आणण्याचं धाडस होत नव्हतं, म्हणून शेजारी नवं घर मांडलं गेलं, असं मी त्याकडे बघतो.

घर जमलंय का? रूपाच्या वाट्याला आलेले प्रसंग चांगले आहेत. पण नव्या माणसांचं सोसायटीतल्या कोणाशी खटकतंय हे अजून नीट ठरलेलं दिसत नाही. जेठालाल-भिडे, जेठालाल-अय्यर अशा जोड्यांवर ही मालिका उभी राहिली. नवी जोडी लागल्याशिवाय नवं घर रुजणार नाही.

८. इतके कलाकार बदलले. नव्यांपैकी कोण जमलं, कोण नाही?

बदल खूप झाले. तारक या पात्राची बायको अंजली हिच्या भूमिकेत २०२० पासून नेहा मेहतांच्या जागी सुनयना फौजदार आहेत. सोढी त्याच वर्षापासून बलविंदर सिंग सूरी करतात. टपूचे तीन कलाकार झाले, सोनूचे चार. डॉ. हाथी मात्र निर्मल सोनी करतात, आणि सुरुवातीलाही तेच होते.

जेठालालच्या दुकानात काम करणाऱ्या नट्टू काकांचं वेगळं सांगतो. घनश्याम नायक ३ ऑक्टोबर २०२१ ला गेले. रंगभूमीवर मुरलेला माणूस. पगारवाढीचा तोच जुना विषय काढताना शब्द चुकवायचे, जेठालाल खवळायचा, आणि काका चेहऱ्यावरची अदब जराही ढळू देत नसत. किरण भट्ट त्यांची नक्कल करत नाहीत, आपल्या पद्धतीने करतात, आणि ते सुज्ञपणाचंच आहे. पण दुकानातला दुसरा नोकर बाघा आणि नट्टू काका एकत्र उभे राहिले की वेळेचं जे गणित जमायचं ते वर्षानुवर्षांच्या सरावातून आलं होतं. बदली कलाकाराकडून ते लगेच मागणं अन्यायाचं होईल.

सुनयना फौजदारांची अंजली मला पहिल्या वर्षी अवघडल्यासारखी वाटायची, आता तसं वाटत नाही. तारक मेहताच्या भूमिकेबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

९. शैलेश लोढांशिवाय तारक मेहता ही कल्पनाच पटत नाही. तुम्हाला पटते?

मालिकेत तारक मेहता हे कथा सांगणारं पात्र आहे; ते करणारे शैलेश लोढा २०२२ मध्ये मालिका सोडून गेले आणि सचिन श्रॉफ आले. लोढा कवी आहेत. बोलणं थांबवून प्रेक्षकाकडे वळणं आणि दोन वाक्यांत प्रसंगाचा अर्थ सांगणं त्यांना सहज जमायचं, कारण मंचावर ते तेच करत आले होते. श्रॉफ हे अभिनेते आहेत. जेठालालचा मित्र म्हणून ते चांगले वाटतात. अब्दुलच्या दुकानासमोर सोडा पिताना दोघांचं बोलणं बघा, त्यात आता ओलावा आहे. कथा सांगणारा म्हणून मात्र लोढांची उणीव जाणवते. पण ही उणीव लेखनाने भरून काढता येते. तारकने थोडकं आणि नेमकं बोलावं, एवढंच पुरे.

१०. मूळ तारक मेहतांच्या लेखनाशी मालिकेचा आता काही संबंध उरलाय का?

नाव आणि पात्रं उरली. 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात तारक मेहतांचं 'दुनिया ने ऊंधा चश्मा' हे सदर १९७१ पासून चालू होतं. मुंबईतल्या मध्यमवर्गीय गुजराती शेजाऱ्यांचं ते जग. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मालिकेने त्या जगात सगळ्या प्रांतांची माणसं आणली आणि गोकुलधामचा 'मिनी इंडिया' केला. त्यामुळे मालिका देशभर पोचली. सदरातला थोडा तिखटपणा त्यात गेला, कारण सगळ्यांना सांभाळायचं म्हटलं की कोणालाच टोचता येत नाही. पहिल्या काही वर्षांत तो तिखटपणा जाणवतो. तिथेच परत जा असं मी म्हणणार नाही, पण लेखकांनी ते सदर मधूनमधून चाळायला हरकत नाही.

११. टपू सेना मोठी झाली, मग गंमत कशी राहणार?

पूर्वीसारखी राहणार नाही. चेंडू भिडेच्या खिडकीला लागणं, काच फुटणं, 'टपू!' अशी आरोळी आणि सगळी पोरं पसार, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना शोभतं. कॉलेजच्या मुलांनी तेच केलं तर बघवत नाही. मध्ये काही वर्षं त्यांना दिलेल्या कामांत फक्त समजूतदारपणा होता: मोठ्यांची भांडणं मिटवायची, कार्यक्रम ठरवायचे. टपू-सोनूचं प्रेम आणि लग्न या विषयाला हात लावला तेव्हा निदान त्यांच्या वयाचा प्रसंग तरी मिळाला. तसंच पुढे न्यायला हवं. टपूला नोकरी लागते की तो दुकानात बसतो, यावर जेठालाल आणि बापूजींचं काय जुंपेल याचा विचार करा. तिथे अजून भरपूर शिल्लक आहे.

१२. पोपटलालचं लग्न एकदाचं लावून का टाकत नाहीत?

लावलं तर पात्र संपेल या भीतीने. पण दर वेळी स्थळ येतं, जुळतं आणि मांडवात मोडतं, हे आता कोणालाच धरून ठेवत नाही. श्याम पाठक चांगले नट आहेत. पत्रकार पोपटलालला लग्नाशिवायही काम देता येतं हे २०२१ मधल्या 'मिशन काला कौआ'मध्ये दिसलं होतं. करोनाच्या औषधांचा काळाबाजार तो उघडकीला आणतो. तो ट्रॅक लांबला, पण दिशा बरोबर होती. शिवाय लग्न झालेला, बायकोला घाबरणारा पोपटलाल अविवाहित पोपटलालपेक्षा कमी विनोदी का असावा?

१३. मराठी प्रेक्षकांनी का बघावी? भिडे म्हणजे मराठी माणसाची थट्टाच नाही का?

हा प्रश्न दर गणपतीत येतो. आत्माराम तुकाराम भिडे कंजूष आहे, शिस्तीचा अतिरेक करतो, 'हमारे ज़माने में' म्हणून व्याख्यान देतो. पण तो बावळट नाही. शिकवण्या घेऊन सचोटीने घर चालवतो, पगाराविना सेक्रेटरीचं काम करतो, फलकावर रोज सुविचार लिहितो आणि सोसायटीचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. माधवीचा लोणची-पापडांचा व्यवसाय आहे, तोही कष्टाचा. मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी यांनी ही जोडी सुरुवातीपासून सांभाळली आहे. इतक्या बदलांत टिकलेलं हे घर. २०२५ च्या सुधारणेचं बरंचसं श्रेय मी याच घराला देतो, कारण दया गेल्यावर नवरा-बायकोची खरीखुरी नोकझोक तिथेच उरली. मेंटेनन्सचा चेक थकला म्हणून भिडे जिना चढून जेठालालकडे जातो आणि वही उघडून तारीख दाखवतो. त्या प्रसंगात दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून तो कितीदाही बघावा.

२०२० च्या मार्चमध्ये मुंबईची भाषा हिंदी आहे अशा अर्थाचं वाक्य बापूजींच्या तोंडी आलं होतं. मनसेने आक्षेप घेतला आणि निर्मात्यांनी माफी मागितली. आक्षेप योग्यच होता. ज्या सोसायटीचा पत्ता गोरेगाव पूर्व आहे आणि सेक्रेटरी भिडे आहे, तिथे ते वाक्य लिहिताना कोणीतरी थांबायला हवं होतं.

१४. मराठीत डब केलेली बघू की हिंदीच?

'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने मराठीत डब केलेले भाग 'फक्त मराठी'ने दाखवले. घरात हिंदी न कळणारे आजी-आजोबा असतील तर ते उपयोगाचे आहेत. एरवी हिंदीच बघा. दिलीप जोशींचा अर्धा विनोद आवाजाच्या चढउतारात आहे. सुंदरचा फोन उचलताना चिडलेला सूर, पलीकडून पैशांचा विषय निघताच रडकुंडीला येणं, आणि खिडकीतून बबिता दिसली की त्याच वाक्यात मध येणं, हे दुसऱ्याच्या आवाजात उतरत नाही.

१५. जुने भाग खरंच इतके चांगले होते, की आपणच तेव्हा लहान होतो म्हणून तसं वाटतं?

दोन्ही. २००८ ते २०१२ मधले भाग आज सलग बघितले तर कच्चे प्रसंगही भरपूर सापडतील. प्रत्येक वाक्यानंतर तोच आवाज आणि सगळ्यांचे चेहरे एकामागून एक दाखवणं तेव्हाही होतं. पण तेव्हा प्रसंग स्वभावातून सुरू व्हायचा आणि चार-पाच भागांत संपायचा. आता चांगला प्रसंगही कधी कधी तीन आठवडे चालतो. हा फरक आठवणींचा नाही, तो मोजता येतो.

१६. पडद्यामागच्या वादांमुळे मालिका बघावीशी वाटत नाही. तुमचं काय मत?

मानधनावरून आणि वागणुकीवरून काही कलाकारांनी तक्रारी केल्या, प्रकरणं कायदेशीर मार्गाने गेली. त्यांचा निवाडा इथे करण्यासारखा नाही. त्यामुळे कोणी मालिका बघणं सोडलं असेल तर तो विचार मला मान्य आहे. या पानावरचं मत फक्त पडद्यावर दिसतं त्याबद्दल आहे.

१७. मध्ये पाच-सहा वर्षं सोडली होती. आता कुठून धरू?

भूतणीच्या ट्रॅकपासून (प्रश्न ६). मागचं काही माहीत असण्याची गरज पडत नाही आणि बदललेले चेहरे एकाच वेळी ओळखीचे होतात. तिथून बिंजोला कुटुंबाच्या आगमनापर्यंत सलग बघा. आवडलं तर चालू ठेवा. नाही आवडलं तर २०१० च्या आसपासचे भाग सोनीलिव्हवर काढा.

१८. दिलीप जोशींनी सोडलं तर?

तर थांबवावी. बाकी अनेक पात्रांना बदली कलाकार मिळाले आणि मालिका चालली. त्यांच्यापेक्षा वयाने लहान असलेले अमित भट्ट त्यांचे वडील म्हणून आपण बिनतक्रार मान्य केले, यातही निम्मा वाटा जोशींचा आहे: ते ज्या धाकाने 'बापूजी' म्हणतात, त्यामुळे समोरचा माणूस आपोआप म्हातारा होतो. असं काम करणारा दुसरा माणूस शोधून मिळणार नाही, आणि शोधूही नये.